पाच खिळे आणि आसारामचा बाजा

आसाराम ज्या वरातीत नसेल, तिला श्रीरामपुरात कोणी फारसं मोजत नसे. गुलमोहर ब्रास बँडच्या पहिल्या रांगेत, उजव्या कडेला तो चालायचा. सहा फुटांचा गडी, मिशा वर वळवलेल्या, लाल कोटाला सोनेरी झालर आणि अंगाला बिलगलेला भला मोठा पितळी बाजा. बाज्याचं तोंड परातीएवढं, आभाळाकडे उघडलेलं. धून सुरू झाली की आसारामचे गाल फुगत, कपाळावरची शीर उठे, डोळे हळूहळू मिटत. नवरीच्या पाठवणीला तर तो असा कासावीस व्हायचा, की नवरीकडच्या बाया नवरीला सोडून त्याच्याकडे बघत पदर डोळ्यांना लावायच्या.

बाजा मात्र वाजत नसे.

म्हणजे बाज्यात काही खोट नव्हती. फुंकला असता तर तो वाजला असता. आसाराम फुंकतच नव्हता, आणि ही गोष्ट बँडच्या माणसांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती.

त्याचं असं झालं होतं. बँडची सुपारी ठरते ती माणसांवर. गाणी कोणती, सूर कसे, हे सगळं मागाहून. आधी माणसं किती ते बोला. फार वर्षांपूर्वी नेवाशाकडच्या एका लग्नाला टेम्पो निघाला आणि मोठा बाजा वाजवणारा गडी ऐन वेळी हिवतापानं पडला. नवरीचा बाप मांडवाच्या दारात उभा राहून माणसं मोजून घेणारा, असं आधीच कानावर आलेलं. आसाराम तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये गठाणी उचलायचा. त्या दिवशी तो केवळ ढोल चढवायला-उतरवायला सोबत आला होता. आजारी गड्याचा कोट सगळ्यांत मोठ्या मापाचा. तो दुसऱ्या कोणाच्या अंगावर उभा राहीना. आसारामला मात्र शिंप्यानं माप घेऊन शिवल्यासारखा बसला. बँडचे मालक शांतवन मास्तर स्वतः क्लॅरोनेट वाजवायचे, लहानपणी चर्चच्या आवारात शिकलेले. त्यांनी आसारामच्या गळ्यात बाजा अडकवला आणि त्याला वाद्याचा पहिला आणि शेवटचा धडा दिला.

"गाल फुगव. फुंकू नको."

निघताना नवरीच्या बापानं अख्ख्या बँडमधल्या एकाच माणसाच्या हातात नारळ ठेवला. "ह्यो उच्चा गडी लई जीव लावून वाजवतो," तो मास्तरांना म्हणाला. हिवतापवाला बरा होऊन परतला तेव्हा त्याला झांजा मिळाल्या.

न वाजवणं सोपं नसतं, हे आसारामला हळूहळू कळत गेलं. दम कुठे घ्यायचा, गाल कुठे सोडायचे, उडत्या चालीला मान किती हलवायची, सगळं त्यानं बसवलं. चुकून फुंक गेलीच तर आवाज होऊ नये म्हणून बाज्याच्या तोंडात आतवर एक फडकं कोंबलं. मग फडक्याच्या वरची जागा मोकळी दिसायला लागली. आधी तिथे त्याची भाकरी गेली. मग ट्रम्पेटवाल्या गहिनीनाथची तंबाखूची चंची गेली, मास्तरांच्या चष्म्याची डबी गेली, मिरवणुकीत पाऊस आला तर कोणाकोणाचे मोजेही गेले. लाल कोटांना खिसे नव्हते. अख्ख्या बँडचा खिसा आसारामच्या गळ्यात होता.

घरी रंगुबाईला यातलं काही माहीत नव्हतं. लग्न ठरताना मुलगा बँडमध्ये बाजा वाजवतो एवढंच तिला सांगितलेलं, आणि ते तिनं मनापासून धरलेलं. तिचा जामखेडचा भाऊ तेव्हा म्हणाला होता, की बाजेवाल्याला बहीण देण्यापेक्षा विहिरीत ढकललेली बरी. हे वाक्य रंगुबाई विसरली नव्हती. स्टेशनच्या अंगाला मिरवणूक असली की ती ओट्यावर येऊन बसायची आणि शेजारणींना गप्प करायची.

"ऐका. ह्यांचा बाजा. पोटात घुमतो का न्हाई?"

शेजारणी कान द्यायच्या, आणि खरंच, काहीतरी पोटात घुमायचं. आसाराम घरी आला की ती त्याच्या पुढ्यात गरम भाकरी ठेवून म्हणायची, आज पाठवणीला लई जोरात लागला तुमचा बाजा. आसाराम मान खाली घालून जेवायचा. पहिल्या वर्षी सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या वर्षी सांगणं अवघड झालं. त्यानंतर तर सांगण्यासारखं काही आहे, हेच तो विसरत चालला.

ब्याण्णवच्या लगीनसराईत मास्तरांनी कॅसिओ घेतला, विजेवर चालणारी पेटी. ती पेटी वाजवायला कॉलेजात जाणारा पंकज आला. पेटीला बटणं होती. एक दाबलं की तबला, दुसरं दाबलं की ढोल. बँडचा ढोल तोवर रंभाजी वाजवायचा. मास्तर आणि तो, दोघांनी मिळून बँड उभा केलेला. पहिल्या वर्षी तर बँड म्हणजे हे दोघंच होते. पंकजची पेटी आल्यावर मास्तर रंभाजीला दोन-तीनदा म्हणाले, जरा हळू, पेटी ऐकू येत नाही. चौथ्यांदा म्हणायची वेळ आली नाही. "पेटीतल्या ढोलाला भाकरी लागत न्हाई मास्तर, त्यालाच पोसा," असं म्हणून रंभाजी गेला आणि बेलापुरात त्यानं स्वतःची बँजो पार्टी काढली. पुढे दोघं स्टेशनसमोरच्या टपरीवर समोरासमोर आले तरी एक जण चहाकडे बघायचा आणि एक रेल्वेकडे.

त्याच साली रंगुबाईची तक्रार सुरू झाली. तुमचा बाजा पहिल्यासारखा लागत नाही, ती म्हणायला लागली. छातीतला दम गेलाय. तिनं आसारामला रोज हळदीचं दूध सुरू केलं. मग उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे. तरीही फरक पडेना म्हणून एकदा डॉक्टरकडे नेऊन छातीचा फोटो काढून आणला. डॉक्टर म्हणाले, छाती घोड्यासारखी आहे. आसारामला काही उमगेना. जो बाजा कधी वाजलाच नाही, त्याचा आवाज कमी कसा झाला, याचा त्यानं दूध पिताना बराच विचार केला आणि मग तोही सोडून दिला. दूध चांगलं असायचं.

सत्त्याण्णव साली पेठेतल्या गणेश मंडळाला पंचवीस वर्षं झाली. मंडळाची एक तालीम होती आणि तालमीला लागून हॉल. हॉलच्या भिंतीवर पेठेच्या नावाजलेल्या पैलवानांचे फोटो, प्रत्येकाच्या खांद्यावर गदा, प्रत्येकाची नजर फोटोग्राफरच्या पलीकडे कुठेतरी. मंडळाचे अध्यक्ष फुलचंदशेठ यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्यांच्या मनात आलं, इतकी वर्षं आपल्या मिरवणुकीपुढे जो बँड वाजला, त्यातल्या मानकऱ्यांचे फोटोही इथे पैलवानांच्या ओळीत लागले पाहिजेत. शेठ मनात आलेलं तसंच ठेवणारे नव्हते. त्यांनी दुकानातून खिळे आणले आणि शेवटचा पैलवान आणि खिडकी यांच्यामध्ये पाच ठोकून टाकले. सहावा ठोकला असता तर खिडकीच्या चौकटीत गेला असता. म्हणून मानकरी पाच.

कोणते पाच, हे ठरवायला रविवारी चर्च सुटल्यावर मास्तरांच्या अंगणात सगळा बँड जमला. पहिला खिळा मास्तरांचा, यावर दुमत नव्हतं. दुसऱ्याची चर्चा सुरू व्हायच्या आत बनुबाई आली. तिचा नवरा पुंजाराम, तोच हिवतापवाला, पुढे जन्मभर झांजा वाजवून दोन वर्षांमागे वारला होता. ती मधोमध बसली आणि पदराखालून काच लावलेला फोटो काढून तिनं मांडीवर उभा धरला.

"फोटू तयार हाय. तुमाला नुसता टांगायचाय."

पुंजाराम काचेतून सगळ्यांकडे बघत होता. नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

तिसरा गहिनीनाथनं स्वतःच घेतला. त्याची फुंक निम्म्या तालुक्यात नावाजलेली होती आणि हे सांगायला तो दुसऱ्या कोणावर विसंबून राहत नसे. चौथ्यावर मात्र भांडण जुंपलं. पंकज म्हणाला, आजकाल सुपारी द्यायला आलेला माणूस आधी कॅसिओ आहे का विचारतो. गहिनीनाथ म्हणाला, लाईट गेली की तू पाव्हणा; खिळा काय लाईट असेल तेव्हाच भिंतीत राहतो का. मग कोणीतरी दबक्या आवाजात रंभाजीचं नाव काढलं. मास्तरांनी क्लॅरोनेटची पट्टी पुसायला घेतली. गहिनीनाथ म्हणाला, जो गेला तो गेला. सोडून जाणाऱ्याला मान द्यायचा तर थांबणाऱ्यांनी काय झक मारली.

आसाराम कडेला पायरीवर बसला होता. आपलं नाव यात येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. दुसऱ्याच्या घरची सोयरीक ऐकावी तसा तो मजेत ऐकत होता. पण रंभाजीचं ऐकून त्याला राहवलं नाही. बँड त्यानंच उभा केलाय, तो म्हणाला.

"तू नको बोलू," गहिनीनाथ म्हणाला. "तुझा आवाज आमी कधी ऐकलाय?"

सगळे हसले. आसारामही हसला. तेवढ्यात फाटकाशी शेठची लूना थांबली. शेठनं हेल्मेटसारखी दिसणारी टोपी काढून घाम पुसला आणि सांगितलं की चार तुम्ही ठरवा, एक मी ठरवलाय. लोकांच्या डोळ्यांपुढे जो येतो तो. मग त्यांनी पायरीकडे बोट केलं.

अंगणात काही क्षण फक्त कोंबड्या बोलत होत्या. गहिनीनाथनं तंबाखू गिळली. खरं सांगायला तोंड कोणाचं उघडणार? आसारामचं सांगितलं तर उद्या निम्मा जिल्हा प्रत्येक बँडच्या प्रत्येक बाज्याला कान लावून बघेल, आणि मोजलेल्या माणसांत अजून कोण कोण नुसतं उभं होतं, ते विचारेल. शेठना ही शांतता आनंदाची वाटली. त्यांनी तरुणांनाही वाव पाहिजे म्हणत चौथा खिळा पंकजला देऊन टाकला. लूना सुरू करता करता आणखी एक सांगितलं: सत्काराच्या कार्यक्रमात फेटा बांधण्याआधी प्रत्येकानं एकेकट्यानं थोडं वाजवून दाखवायचं.

शेठ गेल्यावर आसाराम मास्तरांपुढे उभा राहिला. माझं नाव काढा, तो म्हणाला.

"काय सांगून काढू?" मास्तर म्हणाले. आसारामनं घरची वाट धरली.

तो घरी पोचेपर्यंत बातमी पोचली होती. रंगुबाईनं जामखेडला निरोपही धाडला होता. भाऊ येणार होता, भावजय येणार होती. "दादाला पुढंच बसवते," ती म्हणाली. "इतकी वर्सं झाली, पन त्याला मी एकदा तुमचा बाजा ऐकवनार." तिच्या चेहऱ्याकडे बघून आसारामनं चपला काढल्या आणि निमूट हातपाय धुतले. नाव काढून घ्यायचा रस्ता तिथेच बंद झाला. आता फुंकायलाच हवं होतं.

मास्तर त्याला दुपारी कालव्याकडेच्या उसात घेऊन जायचे. ओठ आवळून थरथरवायचे, पोटातून हवा सोडायची. आसारामनं फडकं काढलं, भाकरी काढली आणि फुंकलं. इतक्या वर्षांचं साचलेलं काहीतरी बाज्यातून बाहेर आलं. उसातून बगळे उठले. थोड्या वेळानं शेजारच्या रानातली आक्काबाई काठी घेऊन धावत आली आणि विचारायला लागली, म्हस कुठं अडली? मास्तरांनी तिला समजावून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, पण या वेळी ऐकायला. बांधावर बसून ती म्हणाली, "कालच्यापरीस बरी हाय म्हस."

आसारामला एकच सूर आला. वर न्यायला गेला की तुटायचा, खाली न्यायला गेला की नुसता वारा. मास्तर थकून बांधावर बसले. एकच सूर तर एकच, ते म्हणाले. तो धर आणि सोडून दे, लोक काय म्हणतील ते म्हणोत. मात्र एक सांगितलं: मध्ये थांबू नको, थांबलास तर पुन्हा लागायचा नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. पुढच्या रांगेत रंगुबाई नव्या लुगड्यात, शेजारी जामखेडचा भाऊ हाताची घडी घालून. त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या एका दुकानाच्या उद्घाटनाला रंभाजीची बँजो पार्टी होती. मधल्या विसाव्यात क्लॅरोनेटचा आवाज ऐकून तो गळ्यातल्या ढोलासकट हॉलच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडावर जे हसू होतं, ते पाहुण्याचं नव्हतं.

मास्तरांनी वाजवलं, फेटा बांधून घेतला. पुंजारामच्या नावावर बनुबाई मंचावर गेली, झांजा एकदाच, स्वच्छ वाजवल्या आणि खाली उतरली. तिला सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या. गहिनीनाथनं फुंकीचे सगळे नखरे केले. पंकजनं पेटी सुरू केली, बटण दाबलं, आणि लाईट गेली. पंखे थांबले, माइक गेला. गहिनीनाथनं वर बघून देवाला हात जोडले.

मग आसाराम उभा राहिला. त्यानं बाज्यात हात घालून फडकं ओढलं, त्याबरोबर तंबाखूची चंची खाली पडली. गहिनीनाथनं ती पायानं हळूच आपल्याकडे ओढून घेतली. आसारामनं डोळे मिटले. हे मात्र त्याला नीट जमायचं. आणि फुंकलं.

सूर लागला. बंद पडलेल्या पंख्यांखाली तो हंबरत सुटला आणि थांबेना, कारण आसाराम थांबायला घाबरत होता. मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. जामखेडच्या भावानं घडी सोडून कानापाशी हात नेला. आसारामला डोळे उघडायचा धीर नव्हता. कपाळावरची शीर या वेळी खरोखरच उठली होती. मास्तरांनी मान खाली घातली.

दाराशी रंभाजीचं हसू गेलं होतं. त्याला आसारामची दया आली असं नव्हे. सूर असा एकटा, बिनतालाचा लोंबकळतोय, हे त्याच्या हातांना सोसेना. त्याची काठी ढोलावर पडली. एकदा. मग थोडं थांबून पुन्हा. हॉलच्या जमिनीतून ते वर आलं. गहिनीनाथनं सवयीनं ट्रम्पेट ओठांना लावली आणि लावल्यावर त्याला कळलं की आपण लावली. मास्तरांनी मान वर केली, दाराकडे बघितलं आणि क्लॅरोनेट उचलली. आसारामच्या त्या एका सुरावर पाठवणीची धून उभी राहिली. मग चाल उडती झाली आणि मंडळाची पोरं नाचायला लागली. दम संपून आसारामचा सूर कधीचा थांबला होता, पण गाल फुगलेलेच होते आणि कोणाच्या ध्यानात आलं नाही.

घरी जाताना रंगुबाई भाऊ-भावजयीच्या मागे रेंगाळत चालली होती. तिनं डोळे पुसले.

"आज लागला बगा तुमचा जुना बाजा," ती म्हणाली. "आदी उगं म्हशीवानी हंबरला, मला वाटलं गेलं आता. पन मंग आला जाग्यावर. धाड धाड पोटात घुमला. किती वर्सांनी."

आसाराम रस्त्यात थांबला. ब्याण्णवची लगीनसराई, रंभाजीचं सोडून जाणं, दूध, अंडी, छातीचा फोटो हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला वाटलं की यात आपलं काहीतरी गेलं आहे. पण नेमकं काय, ते सापडेना, कारण ते कधी आपलं नव्हतंच. रंगुबाई विचारत राहिली, हसताय काय.

दुसऱ्या दिवशी तो सायकल मारत बेलापूरला गेला. रंभाजी ढोलाच्या दोऱ्या ताणत बसला होता. आसारामनं त्याला सगळं सांगितलं. ऐकताना रंभाजी इतका हसला, की ढोल त्यानं बाजूला ठेवला. मग त्यानं तो पुन्हा मांडीवर ओढला. "कॅसिओ असून माजा ढोल ऐकू यायचा तुज्या बायकूला," तो म्हणाला. "मी गेलेला कळला."

"तिलाच कळला," आसाराम म्हणाला. "चल. खिळा तुजा हाय."

रंभाजी म्हणाला, तुझ्या खिळ्यावर मी लटकणार नाही. आसाराम शेठकडे गेला, तर शेठ म्हणाले, नाव जाहीर झालंय, आता बदलायचं नाही. खिळा एक, चौकट एक, आत काय घालायचं ते तुमचं तुम्ही बघा. म्हणून दोघं लाल कोट घालून स्टुडिओत गेले. पुढे कोण उभं राहणार यावर तिथे बराच वेळ गेला. शेवटी रंभाजीनं ढोल पूर्ण आला पाहिजे असा हट्ट धरला, तेव्हा बाज्याचं निम्मं तोंड चौकटीबाहेर गेलं. तो फोटो आता शेवटचा, खिडकीला लागून आहे. पैलवानांसारखे दोघंही कुठेतरी पलीकडे बघत आहेत.

फोटो टांगला त्या दिवशी रंगुबाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्यो मदी कशाला?"

"त्याच्याबिगर माझा बाजा वाजत न्हाई," आसाराम म्हणाला.

"उगा मोठेपना," ती म्हणाली, आणि पेठभर सांगत सुटली, की आमच्या ह्यांनी आपला निम्मा खिळा दुसऱ्याला दिला.

पुढच्या लगीनसराईपासून मोठ्या वरातींना मास्तर रंभाजीला बोलवायला लागले, आणि बँजो पार्टी मोकळी असली की तो येऊ लागला. त्या दिवशी रंगुबाई ओट्यावरूनच खूश असायची आणि म्हणायची, आता बरी झाली छाती. ज्या वरातीला रंभाजी नसे, त्या दिवशी आसारामला हळदीचं दूध मिळे.